जँगो: एकाच प्रोजेक्टमधल्या एका भागातून दुसऱ्या भागाचा एपीआय आतल्याआत कसा बोलवायचा?

संकलन_डेव्ह

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे पण सगळं एकदमच सांगतो.

आमचं दूध संकलनाचं ॲप आहे, जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) आणि डीआरएफवर (जँगो रेस्ट फ्रेमवर्क, एपीआय बनवायला). केंद्रावर सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) टाकतात, त्यावरून दर लागतो आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाचं बिल निघतं. प्रोजेक्ट एकच आहे पण आत भाग वेगवेगळे केलेत, मोबाईलसाठी एपीआय, ऑफिससाठी साधी वेब पानं, आणि बिलं-रिपोर्ट यांचं वेगळं जँगो ॲप. आता बिलाला जे लागतं, म्हणजे दहा दिवसांची बेरीज, पशुखाद्याची कपात, ॲडव्हान्स, हे सगळं एपीआयच्या सारांश एंडपॉइंटमध्ये (एंडपॉइंट म्हणजे एपीआयची एक यूआरएल) आधीपासून लिहिलेलं आहे आणि नीट तपासलेलं आहे. म्हणून बिलाच्या व्ह्यूमधून (व्ह्यू म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड) पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीने सरळ लोकलहोस्टच्या ८००० पोर्टवर तोच एंडपॉइंट मारतो आणि आलेल्या जेसनवरून पीडीएफ करतो.

लॅपटॉपवर रनसर्व्हरने (जँगोचा डेव्हलपमेंट सर्व्हर) एकदम व्यवस्थित चालतं. सर्व्हरवर एनजिनएक्सच्या मागे गनिकॉर्न (पायथॉन ॲप चालवणारा सर्व्हर) आहे, ३ वर्कर (प्रोसेस), बाकी सगळं डिफॉल्ट. बिलाच्या दिवशी ऑफिसातून तीन-चार जण एकाच वेळी बिलं काढायला बसले की पूर्ण साइट थांबते, मोबाईलवाल्यांची संकलनाची नोंदसुद्धा जात नाही, आणि थोड्या वेळाने लॉगमध्ये वर्कर टाइमआउट येतो. सीपीयू बघावा तर निवांत असतो, डेटाबेसवर पण लोड नाही.

तर विचारायचं असं की बाहेर एचटीटीपीने न जाता, आतल्याआत रिक्वेस्ट आल्याचं भासवून तोच एंडपॉइंट चालवता येतो का? जँगोत टेस्टसाठी दिलेला टेस्ट क्लायंट नाहीतर रिक्वेस्टफॅक्टरी वापरा असं काही ठिकाणी वाचलं. प्रॉडक्शनमध्ये ते चालेल का? परमिशन वगैरे आहे तशीच लागू राहावी असं वाटतं, आणि पुढेमागे बिलाचा भाग वेगळ्या सर्व्हरवर न्यायचा झाला तर फार तोडफोड होऊ नये.

---

जुना_वेबवाला

आधी साइट का थांबते ते बघू, कारण ते कळलं की अर्धं उत्तर तिथेच आहे.

गनिकॉर्नचा डिफॉल्ट वर्कर सिंक असतो, म्हणजे एक वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो. तुमच्याकडे ३ आहेत. तीन जणांनी बिल काढलं की तिन्ही वर्कर बिलाच्या व्ह्यूमध्ये, आणि तिघेही आपल्याच सर्व्हरकडून सारांश यायची वाट बघतायत, पण तो सारांश द्यायला चौथा वर्करच नाही. खिडकीवरचा कारकून स्वतःच्याच खिडकीसमोर रांगेत उभा राहिला तर काम कोण करणार, तसं झालंय. सीपीयू निवांत दिसतो तो यामुळेच, कोणीच काही करत नाहीये, सगळे थांबलेत. मग ३० सेकंदांचा डिफॉल्ट टाइमआउट संपला की गनिकॉर्न वर्करला मारतो आणि नवा उभा करतो. रिक्वेस्ट्स लायब्ररीला स्वतःचा डिफॉल्ट टाइमआउट नाही, तुम्ही दिला नसेल तर ती आपणहून कधीच सोडत नाही, हेही लक्षात घ्या.

लॅपटॉपवर का दिसलं नाही? रनसर्व्हर डिफॉल्टने थ्रेड वापरतो, प्रत्येक रिक्वेस्टला नवा थ्रेड, त्यामुळे स्वतःच स्वतःला बोलवलं तरी तिथे उत्तर द्यायला कोणीतरी असतं.

आता इथे बरेच जण सांगतील वर्कर वाढवा किंवा जीथ्रेड (थ्रेडवाला वर्कर) लावा. गनिकॉर्नच्या डॉक्युमेंटेशनमध्ये कोअरच्या दुप्पट अधिक एक असं सूत्र आहे, त्याप्रमाणे ३ चे ५ किंवा ९ कराल. पण त्याने अडचण जात नाही, फक्त किती जणांनी एकदम बटण दाबलं की साइट थांबते तो आकडा बदलतो. कारण प्रत्येक बिल दोन वर्कर खातं आणि पहिला दुसऱ्यावर अवलंबून असतो.

अजून एक वाईट गोष्ट, जी सहसा कोणी बघत नाही. आतली रिक्वेस्ट सॉकेटच्या रांगेत पडलेली असते. बाहेरचा वर्कर मेला तरी ती रांगेतून जात नाही, नवा वर्कर उठला की तो ती उचलतो आणि चालवतो, उत्तर घ्यायला समोर कोणी नसलं तरी. तुमचं सारांश गेट आहे म्हणून चाललं. तिथे पोस्ट असतं, समजा ॲडव्हान्सची नोंद, तर बिल काढणाऱ्याला एरर दिसला असता, त्याने परत बटण दाबलं असतं, आणि नोंद दोनदा झाली असती. पैशाच्या कामात हे फार धोक्याचं आहे.

आणि डेटाबेसचंही बघा. सेटिंगमध्ये ॲटॉमिक रिक्वेस्ट्स चालू असेल तर बाहेरचा व्ह्यू एका ट्रान्झॅक्शनमध्ये असतो आणि आतली एचटीटीपी रिक्वेस्ट वेगळ्या कनेक्शनवर जाते. बाहेरच्याने जे लिहिलं ते अजून कमिट झालेलं नाही, म्हणून आतल्याला दिसतच नाही. बाहेरच्याने सिलेक्ट फॉर अपडेटने उत्पादकाची ओळ लॉक केली आणि आतल्याला तीच ओळ बदलायची असली तर दोघे एकमेकांसाठी अडकले, आणि पोस्टग्रेसला हा डेडलॉक ओळखता येत नाही, कारण साखळीतला एक दुवा डेटाबेसच्या बाहेर, एचटीटीपीवर आहे. पोस्टग्रेसच्या दृष्टीने एकजण लॉकसाठी थांबलाय आणि दुसरा नुसता रिकामा बसलाय, इतकंच.

त्यामुळे स्वतःच्याच प्रोसेसला नेटवर्कवरून हाक मारणं बंद करा, हे पहिलं.

---

रात्रपाळी

वरच्यांनी कारण बरोबर पकडलंय. आता काय करायचं ते मी लिहितो.

माझं स्पष्ट मत, तुमच्या बिलाच्या केसमध्ये रिक्वेस्ट भासवायची गरजच नाही. बिलाला एंडपॉइंट नकोय, बिलाला हिशोब हवाय. सारांश एंडपॉइंटच्या व्ह्यूमध्ये जो हिशोब आहे तो उचलून एका साध्या फंक्शनमध्ये टाका, उत्पादक, कधीपासून, कधीपर्यंत, आणि कोण विचारतंय तो यूजर, एवढे आर्ग्युमेंट. एपीआयचा व्ह्यू तेच फंक्शन बोलवेल आणि सीरियलायझरमधून जेसन देईल, बिलाचा व्ह्यू तेच फंक्शन बोलवेल आणि पीडीएफ करेल. परमिशनची काळजी असेल तर या यूजरला या केंद्राचा डेटा दिसतो का ही तपासणी त्या फंक्शनमध्येच ठेवा, मग कोणत्याही दाराने आलं तरी ती होणारच.

याचा एक फायदा तुम्हाला लगेच दिसेल. डीआरएफ डिफॉल्टने डेसिमल आकडा जेसनमध्ये स्ट्रिंग करून देतं. तुम्ही बिलात तो परत फ्लोट करत असाल तर बेरजेत कधीतरी पैशाचा फरक पडतोच. फंक्शन सरळ बोलवलं की डेसिमल हा डेसिमलच राहतो, तारीख तारीखच राहते, मधला जेसनचा फेरा जातो.

पुढे बिल वेगळ्या सर्व्हरवर न्यायचं झालं तर त्या एका फंक्शनच्या आत तेव्हा एचटीटीपी घाला, बाकी बिलाच्या कोडला कळणारही नाही. त्या दिवसासाठी आज नेटवर्कचा भुर्दंड भरू नका.

तुम्ही विचारलंय म्हणून टेस्टवाल्या दोन्ही गोष्टींबद्दलही सांगतो.

टेस्ट क्लायंट प्रॉडक्शनमध्ये नको. तो मिडलवेअरसकट (व्ह्यूच्या आधी-नंतर चालणारे थर) पूर्ण रस्ता चालवतो खरा, पण तो टेस्टसाठी बनवलाय आणि ते पदोपदी जाणवतं. होस्टचं नाव तो टेस्टसर्व्हर असं पाठवतो, टेस्ट चालवताना जँगो ते नाव अलाउड होस्ट्समध्ये (चालणाऱ्या होस्टच्या यादीत) आपोआप घालतं, प्रॉडक्शनमध्ये घालत नाही, म्हणून पहिल्याच फटक्याला ४०० येतो. सगळं एचटीटीपीएसवर वळवायची सेटिंग चालू असेल तर ३०१ येतो, कारण क्लायंट डिफॉल्टने साधं एचटीटीपी असल्याचं सांगतो. सीएसआरएफची (दुसऱ्या साइटवरून खोटी रिक्वेस्ट अडवायची) तपासणी तो डिफॉल्टने बंद ठेवतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिक्वेस्ट सुरू होताना आणि संपताना जुनी डेटाबेस कनेक्शन बंद करायचा जो सिग्नल आहे, तो हा क्लायंट क्षणभर काढून परत जोडतो. सिग्नल पूर्ण प्रोसेससाठी एकच असतात. थ्रेडवाला वर्कर असेल तर तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडवर आलेल्या गिऱ्हाइकाच्या रिक्वेस्टवर त्याचा परिणाम होतो. असला बग शोधायला गेलात तर कधी सापडणार नाही.

रिक्वेस्टफॅक्टरी त्यामानाने साधी आहे, ती फक्त रिक्वेस्टचा ऑब्जेक्ट बनवून देते, व्ह्यू तुम्ही हाताने बोलवायचा. पण मिडलवेअर चालत नाही, म्हणजे रिक्वेस्टवर यूजर नाही, सेशन नाही, ते तुम्हीच लावायचं. आणि एक गोष्ट नीट वाचा, तिचा रिमोट ॲड्रेस डिफॉल्टने १२७.०.०.१ असतो. तुमच्या कोडमध्ये कुठे लोकलहोस्टवरून आलं म्हणजे आपलाच माणूस, जाऊ दे, अशी तपासणी असेल तर भासवलेली प्रत्येक रिक्वेस्ट त्यातून आरामात आत जाते, मग ती मुळात कोणत्याही यूजरच्या सांगण्यावरून बनलेली असो. तशीही ती तपासणी एनजिनएक्सच्या मागे धोक्याचीच, तिथे फॉरवर्डेड हेडर नीट हाताळला नाही तर सगळं जगच लोकलहोस्टवरून येतं.

डीआरएफच्या व्ह्यूला डीआरएफचीच रिक्वेस्ट दिलीत तर ॲसर्शन एरर येईल, त्याला जँगोची मूळ रिक्वेस्ट लागते, जी डीआरएफ रिक्वेस्टच्या अंडरस्कोर रिक्वेस्ट या ॲट्रिब्यूटमध्ये असते. ती तशीच पुढे दिली तर गेटला चालतं, पोस्टला मात्र बॉडी आधीच वाचून झालेली असते आणि दुसऱ्यांदा वाचता येत नाही. उत्तराच्या बाजूला, व्ह्यू हाताने बोलवलात तर रिस्पॉन्स रेंडर झालेला नसतो, कंटेंट मागितलं तर एरर, डेटा मागितला तर पायथॉनच्या डिक्शनऱ्या मिळतात. आपल्याला बहुतेकदा डेटाच हवा असतो.

---

पीएचपी_कट्टा

जँगो माझा प्रांत नाही पण हा प्रश्न सगळ्या फ्रेमवर्कमध्ये फिरून फिरून येतो, म्हणून लिहितो.

पीएचपीत हाच अडकायचा प्रकार अजून एका वाटेने होतो, सेशनच्या. फाइलमध्ये सेशन ठेवत असाल तर एका रिक्वेस्टने सेशन उघडलं की ती संपेपर्यंत त्या फाइलवर लॉक असतो. बाहेरच्या पानाने तीच सेशन कुकी घेऊन आपल्याच दुसऱ्या पानाला कर्लने हाक मारली की आतलं पान लॉकसाठी थांबतं आणि बाहेरचं आतल्यासाठी. वर्कर शंभर असले तरी फरक पडत नाही. कर्लच्या आधी सेशन लिहून बंद केलं तर सुटतं, पण मुळात ते कर्लच नको.

म्हणून फ्रेमवर्कवाल्यांनी ही सोय आतच दिली. कोहाना ३ मध्ये (जुनं पीएचपी फ्रेमवर्क) रिक्वेस्टची फॅक्टरी वापरून आतलीच यूआरएल चालवायची, आणि पानाचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक छोटी रिक्वेस्ट, असं लिहायची तेव्हा फॅशनच होती. जावावाल्यांकडे रिक्वेस्ट डिस्पॅचर त्याच्याही आधीपासून आहे, फॉरवर्ड आणि इन्क्लूड. सिम्फनीत याला सब-रिक्वेस्ट म्हणतात आणि माझ्या मते तिथे हे सगळ्यात विचारपूर्वक केलंय. रिक्वेस्टचा एक स्टॅक असतो, आतली रिक्वेस्ट त्यावर चढते, संपली की उतरते, बाहेरची जशीच्या तशी परत मिळते. ही मुख्य रिक्वेस्ट आहे की आतली हे लिसनरला विचारता येतं.

लारावेलमध्ये तेवढी काळजी नाही. तिथे रिक्वेस्ट बनवून कर्नलकडे हाताळायला दिली की कंटेनरमधली सध्याची रिक्वेस्ट बदलते, आणि आतलं काम संपल्यावर आपोआप जुनी परत येत नाही. मग बाहेरच्या कंट्रोलरमध्ये पुढे रिक्वेस्ट हेल्परने काही विचारलं की उत्तर आतल्या रिक्वेस्टचं येतं. जुनी रिक्वेस्ट आधी व्हेरिएबलमध्ये धरून नंतर परत बसवावी लागते.

सुरक्षेचं मात्र सगळीकडे बघायला लागतं. सिम्फनीचा फायरवॉल लिसनर फक्त मुख्य रिक्वेस्टवर चालतो. जावात फिल्टर डिफॉल्टने फक्त बाहेरून आलेल्या रिक्वेस्टला लागतो, फॉरवर्ड आणि इन्क्लूडला लावायचा असेल तर डिस्पॅचर टाइप स्वतः लिहावा लागतो. पायथॉनच्या पिरॅमिडमध्येही सब-रिक्वेस्ट बोलवली की ट्वीन्स (तिथलं मिडलवेअर) डिफॉल्टने चालत नाहीत. म्हणजे आतल्या रिक्वेस्टला माझी सगळी तपासणी लागू आहे असं गृहीत धरायचं नाही, कोणता थर चालतो आणि कोणता नाही हे फ्रेमवर्कगणिक बघायचं.

---

संकलन_डेव्ह

खूप आभार सगळ्यांचे. सारांशाचा हिशोब वेगळ्या फंक्शनमध्ये काढला, बिलं आता सरळ त्यावरून निघतात, ऑफिसातून सगळ्यांनी एकदम काढून बघितली, साइट हलली नाही. तो फ्लोटचा मुद्दा पण खरा निघाला, काही बिलांत पैशाचा फरक होता तो गेला.

पण अजून एक जागा आहे जिथे मला फंक्शन पुरेसं वाटत नाहीये. डोंगराकडच्या केंद्रांवर रेंज नसते. मोबाईल ॲप सगळं ऑफलाइन साठवतं आणि रेंज मिळाली की पाठवतं. आत्ता एक-एक रिक्वेस्ट जाते आणि मधेच रेंज गेली की अर्धवट राहतं. म्हणून एक बॅच एंडपॉइंट करायचाय, मोबाईलने सगळ्या रिक्वेस्ट एका यादीत द्यायच्या, सर्व्हरने आतल्याआत एक-एक चालवायच्या आणि प्रत्येकीचं उत्तर द्यायचं. नोंदी चार प्रकारच्या आहेत, संकलन, पशुखाद्याची उधारी, ॲडव्हान्स, नवीन उत्पादक, आणि प्रत्येकाचा एंडपॉइंट, परमिशन, तपासणी वेगवेगळी आहे. इथे तर रिक्वेस्ट भासवावीच लागेल ना?

---

रात्रपाळी

हो, इथे हरकत नाही. एकाच प्रकारच्या नोंदी असत्या तर मी म्हटलं असतं साधा बल्क एंडपॉइंट करा, सीरियलायझरला मेनी इक्वल्स ट्रू द्या आणि मोकळे व्हा. पण चार प्रकार, प्रत्येकाची वेगळी परमिशन, आणि मोबाईलकडे रिक्वेस्ट आधीच यूआरएल आणि बॉडी अशा रूपात साठवलेल्या, तर ही रास्त जागा आहे. फेसबुकच्या ग्राफ एपीआयचा बॅच याच धर्तीवर आहे, एका वेळी जास्तीत जास्त ५० रिक्वेस्ट, आणि उत्तरात प्रत्येकीचा स्टेटस कोड आणि बॉडी.

रिक्वेस्ट बनवायला टेस्टचं काही इंपोर्ट करू नका. डब्ल्यूएसजीआय (सर्व्हर आणि पायथॉन ॲपमधला ठरलेला करार) मुळात इतकंच आहे की एक डिक्शनरी येते आणि ॲप्लिकेशन तिच्यावर चालतं, २००३ च्या पेप ३३३ पासून हे असंच आहे, म्हणून भासवणं पायथॉनमध्ये सोपं जातं. बाहेरच्या रिक्वेस्टच्या मेटाची (हेडर वगैरे असलेली डिक्शनरी) कॉपी घ्या. त्यात पाथ इन्फो, रिक्वेस्ट मेथड, क्वेरी स्ट्रिंग, कंटेंट टाइप, कंटेंट लेंग्थ आणि डब्ल्यूएसजीआय इनपुट एवढं बदला, इनपुटच्या जागी बाइट्सआयओ, आणि त्यावरून डब्ल्यूएसजीआयरिक्वेस्ट बनवा. असं केलं की ऑथरायझेशन हेडर, होस्ट, भाषा, खरा आयपी हे सगळं आपोआप बरोबर येतं, १२७.०.०.१ ची भानगड नाही. मग रिझॉल्व्हने पाथवरून व्ह्यू शोधा आणि बोलवा. टोकन ऑथ असेल तर डीआरएफ प्रत्येक आतल्या रिक्वेस्टला परत तपासेल, परमिशनसकट, तुम्हाला तेच हवंय.

कंटेंट लेंग्थ बाइट्समध्ये मोजा, अक्षरांत नाही. उत्पादकाचं नाव मराठीत असणार, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक युनिकोड चिन्हाला ३ बाइट्स लागतात, काना-मात्रासुद्धा वेगळ्या. अक्षरं मोजलीत तर बॉडी मधेच कापली जाते आणि जेसन पार्स होत नाही, तेही फक्त मराठी नावं असलेल्या नोंदींचं, इंग्रजी टेस्ट डेटावर सगळं हिरवं दिसतं.

पाथ कोणताही घेऊ नका. त्या चार एंडपॉइंटची यादी ठेवा, त्याबाहेरचं सरळ नाकारा. नाहीतर कोणीतरी बॅचच्या आत बॅच पाठवेल आणि ते कितीही खोल जाईल, किंवा ज्या यूआरएल एनजिनएक्समध्ये बाहेरून बंद केल्यात त्या या मागच्या दाराने उघडतील. आतली रिक्वेस्ट एनजिनएक्समधून जातच नाही, तिथले नियम तिला लागत नाहीत.

आता ट्रान्झॅक्शन, इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. ॲटॉमिक रिक्वेस्ट्स चालू असेल तर पूर्ण बॅच एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालतो. डीआरएफचा एक्सेप्शन हँडलर अशा वेळी आतल्या कोणत्याही एररवर, साध्या व्हॅलिडेशनच्या ४०० वरसुद्धा, सध्याच्या ॲटॉमिक ब्लॉकला रोलबॅकची खूण करून ठेवतो. म्हणजे ४० नोंदींतल्या शेवटच्या एकीचं फॅट चुकीचं असलं तर आधीच्या ३९ जणींना २०१ (नोंद झाली) असं उत्तर जाईल, मोबाईल त्या यशस्वी समजून स्वतःकडून पुसून टाकेल, आणि शेवटी डेटाबेसमध्ये एकही नसेल. शेतकऱ्याचं दूध गेलं आणि नोंद नाही. उपाय सोपा आहे, प्रत्येक आतला व्ह्यू स्वतंत्र ॲटॉमिक ब्लॉकमध्ये बोलवा. मग खूण त्या ब्लॉकच्या सेव्हपॉइंटपुरती (ट्रान्झॅक्शनमधला मागे फिरायचा टप्पा) राहते, ती एकच नोंद मागे फिरते, बाकीच्या टिकतात. लूप लिहायच्या आधी हे लिहा.

आणि प्रत्येक नोंदीला मोबाईलनेच यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) द्यावा, टेबलावर त्याचं युनिक बंधन ठेवा. सर्व्हरने कमिट केलं आणि उत्तर पोचायच्या आधी रेंज गेली तर मोबाईल परत पाठवणारच, तेव्हा दुसऱ्यांदा आलेली नोंद ओळखून जुनंच उत्तर द्यायचं. नवीन उत्पादक आणि त्याचं पहिलं दूध एकाच बॅचमध्ये आलं तरी यूयूआयडीमुळे दोघं जुळतात, फक्त यादीचा क्रम मोडू नका.

---

टेस्ट_आधी

वरच्यात एक भर. दूध घातल्यावर उत्पादकाला एसएमएस जातो ना? तो व्ह्यूमधून सरळ पाठवत असाल तर बॅचमध्ये गडबड होईल, नोंद मागे फिरली तरी एसएमएस गेलेला असेल. तो ट्रान्झॅक्शनच्या ऑन कमिटवर ठेवा. सगळ्यात बाहेरचं ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच ते चालतं, आणि सेव्हपॉइंट मागे फिरला तर त्यातले ऑन कमिट टाकून दिले जातात. फक्त साध्या टेस्टकेसमध्ये ते चालताना दिसणार नाहीत, कारण टेस्टकेस प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो आणि तो कमिट कधीच होत नाही, त्यासाठी ऑन कमिट कॉलबॅक पकडायची वेगळी सोय जँगोत ३.२ पासून आहे, ती वापरा.

टेस्टमध्ये मात्र टेस्ट क्लायंटच वापरा, तिथे तो अगदी योग्य आहे. बॅच एंडपॉइंटला क्लायंटने बाहेरून मारा आणि एक नोंद मुद्दाम चुकीची द्या, मग डेटाबेसमध्ये बाकीच्या खरोखर आहेत का ते मोजा. नुसते स्टेटस कोड बघून टेस्ट पास करू नका. आणि ॲटॉमिक रिक्वेस्ट्स टेस्टच्या सेटिंगमध्ये पण प्रॉडक्शनसारखंच चालू आहे ना तेवढं बघा, ते बंद असेल तर रात्रपाळी यांनी सांगितलेला प्रकार टेस्टमध्ये घडणारच नाही.

थ्रॉटलिंग (ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट याची मर्यादा) लावलंय का? डीआरएफचं थ्रॉटल व्ह्यू बोलवताना चालतं, म्हणून बॅचमधली प्रत्येक आतली नोंद वेगळी मोजली जाईल. मिनिटाला ३० अशी मर्यादा असेल तर ३१ व्या नोंदीपासून ४२९ येतील.

---

संकलन_डेव्ह

थ्रॉटल आहे, बरं झालं सांगितलं, त्या चार व्ह्यूंसाठी बॅचच्या हिशोबाने वाढवतो.

एक शेवटचं. तुमची उत्तरं यायच्या आधी एका सहकाऱ्याने ऑफिसच्या डॅशबोर्डवर एचटीटीपीएक्सचा (पायथॉनची एचटीटीपी लायब्ररी) डब्ल्यूएसजीआय ट्रान्सपोर्ट लावला होता, म्हणजे नेटवर्क न वापरता पूर्ण जँगो ॲप्लिकेशनच आत बोलवायचं. अडकत नाही, पण डॅशबोर्डचं पान वरून अर्धं मराठी आणि खाली अर्धं इंग्रजी येतं. भाषा यूजर कुकीने निवडतो, डिफॉल्ट इंग्रजी आहे. हे यामुळेच का?

---

रात्रपाळी

हो, यामुळेच. पूर्ण ॲप्लिकेशन बोलवलं की लोकेल मिडलवेअर पण चालतं. आतल्या रिक्वेस्टमध्ये भाषेची कुकी नाही, ॲक्सेप्ट लँग्वेज नाही, म्हणून ते डिफॉल्ट इंग्रजी सुरू करतं. सुरू असलेली भाषा थ्रेडवर ठेवलेली असते आणि आतलं काम संपल्यावर मिडलवेअर जुनी परत लावत नाही. त्या कॉलच्या आधी जेवढ्या गोष्टींचं भाषांतर झालं त्या मराठी, नंतरच्या इंग्रजी.

आणि भाषा हे फक्त डोळ्याला दिसलं. आतली रिक्वेस्ट संपल्याचा सिग्नल जातो तेव्हा कनेक्शनचं कमाल वय डिफॉल्ट शून्य असेल आणि तुम्ही ट्रान्झॅक्शनमध्ये नसाल तर बाहेरच्या व्ह्यूचं डेटाबेस कनेक्शन मधेच बंद होतं. जँगो पुढच्या क्वेरीला नवीन उघडतं म्हणून कळत नाही, पण पोस्टग्रेसचं टेंपररी टेबल किंवा सेशनवरचा ॲडव्हायझरी लॉक घेतला असेल तर तो गेला.

भाषेची कुकी पुढे पाठवून पान मराठी दिसेल, पण मी तसं करणार नाही. डॅशबोर्डलाही हिशोबच हवाय, तुमचं सारांशाचं फंक्शन तयार आहे, सहकाऱ्याला तेच वापरायला सांगा आणि तो ट्रान्सपोर्ट काढून टाका.